दावणीची मोटार

माझ्यावर बाहेरून कडी लागली ती जन्मात एकदाच, आणि तीही निरवांगीतल्या एका बैलगोठ्यात, एका लाल मोटारीसकट. साल छप्पन. भाद्रपदातली अमावस्या, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. सगळं गाव नदीवर बैल धूत होतं आणि मी शेणामुताच्या आणि पेट्रोलच्या वासात घामाघूम होऊन, न सुरू होणाऱ्या त्या अवदसेला शिव्या घालत होतो.

मी रामहरी मिस्त्री. बारामतीत स्टेशनजवळ माझं दुकान. विहिरीवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करण्यात माझा हात धरणारा माणूस इंदापूरपर्यंत नव्हता. हे मी नाही, लोक म्हणत. मी फक्त नको म्हणत नसे. मोटारींचं म्हणाल तर चार-दोन मालट्रका खोलल्या होत्या, तेवढंच. पण 'येत नाही' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. या खोडीनंच मला त्या गोठ्यात नेऊन बसवलं.

मोटार सावळारामतात्यांची. नदीकाठचा ऊस, दारात नवा ट्रॅक्टर, गावात शब्दाला वजन. ट्रॅक्टर आल्यावर तात्यांनी बैल एकेक करून विकले आणि चैतात शेवटची चांद्या-पाखऱ्याची जोडीही दिली. मग पुण्याला गेले असताना विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची शर्यतीची मोटार त्यांच्या नजरेत भरली. दोनच माणसं बसतील अशी, कापडी टपाची, बूड जमिनीला टेकलेली. निरवांगीच्या गाडीवाटेवर ती दर दहा हातांवर पोट घासायची. पण मन बसलं की बसलं.

इथवर सगळं हौसेचं होतं. पोळा जवळ आला तसं ते अब्रूवर आलं. पोळ्याला वेशीतून पहिलं जनावर न्यायचं ते तात्यांच्या घरचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. आता दावणीला बैलच नाही म्हटल्यावर भावकीतला रावजी तो मान मागायला पुढं सरसावला. पंच मारुतीच्या पारावर बसले आणि त्यांनी सांगितलं, उसनी जोडी चालायची नाही. आपल्या घरचं, आपल्या दावणीला बांधलेलं जनावर पाहिजे, आणि ते आपल्या पायानं वेशीवर आलं पाहिजे. तात्या म्हणाले, "बांधलंय की!" आणि घरी येऊन त्यांनी मोटारीला पुढून दावं घालून ते बैलाच्या खुंट्याला बांधलं. पंच आधी हसले, मग गप्प झाले. आपल्याच शब्दात अडकलेल्या माणसाला दुसरं करता तरी काय येतं?

त्या दावणीचा गडी होता गेणू. चाळीस वर्षं त्यानं तात्यांचे बैल सांभाळले. बायको नाही, पोरं नाहीत. गोठ्यातल्या ओट्यावर घोंगडं टाकून निजायचा, तेच त्याचं घर. शेवटची जोडी गेली तेव्हा दोन दिवस त्यानं भाकरीला हात लावला नाही. तात्यांना कीव आली. ते म्हणाले, "आता ही मोटारच तुजा बैल. हिला सांभाळ." तात्या बोलून विसरले, गेणू विसरला नाही. तो रोज मोटारीखालची जमीन झाडायचा आणि तिच्या दिव्यांवर बसलेल्या माश्या उपरण्यानं हाकलायचा.

पोळ्याच्या आठ दिवस आधी तात्यांनी मला मोटार तपासायला बोलावलं होतं. मी बॉनेट उघडलं तसा गेणू शेजारी उकिडवा बसला. इंजिनाच्या कडेला काळ्या टोपणाची डबी असते. तिच्यात दोन बारीक पॉइंट उघडझाप करतात आणि त्यांच्या जोरावर चारी प्लगांना ठिणगी मिळते. दोन चिमटे सरकवले की टोपण हातात येतं. मी पॉइंट घासून नीट लावले आणि मधल्या दांडीला तेलाचा एक थेंब दिला.

"ह्ये काय वो, मिस्त्री?" गेणूनं विचारलं.

मला चेष्टेची सवय. मी म्हणालो, "गेणूबाबा, हिचा सगळा भार हितं येतो. हितं जरा तेल चोळलं की हिचं दुखणं पळालं."

त्यानं मान हलवली. मी हसलो, टोपण लावलं आणि मटणाचं जेवण जेवून बारामतीला आलो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच तात्यांचा पुतण्या झुंबर दारात हजर. भाजीच्या ट्रकबरोबर आला होता. "मोटार सुरू व्हईना. तात्यांनी असाल तसं बोलीवलंय." त्याच रिकाम्या ट्रकमध्ये बसून आम्ही निरवांगीला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

तात्या अंगणात येरझारा घालत होते. काल सकाळी मोटार ठणठणीत होती, आज नुसती घरघरत होती. त्यांना खात्री होती, रावजीच्या माणसानं काहीतरी केलं. मी येण्याआधीच त्यांनी घरातल्या चार माणसांदेखत भैरोबाची आण घेतली होती, "माज्या मोटारीला ज्यानं हात लावला त्याला आज गावाभाईर काढीन, मग तो कुनी का असंना." आणि मला म्हणाले, "चार वाजता वेशीवर जायचं. गावाला कळता कामा न्हाय. सुरू झाल्याबिगर तू बी भाईर यायचं न्हाय." मी तोंड उघडायच्या आत गोठ्याचं दार लागलं आणि कडी पडली.

मला भयंकर राग आला. मी मिस्त्री आहे, चोर नाही. दारावर दोन लाथा मारल्या. बाहेरून झुंबर म्हणाला, "मिस्त्री, लाथा तिला मारा, सुरू हुईल." असा माझा मान.

गोठ्याला एकच खिडकी, हातभर, लाकडी गजांची. तिच्या बाहेर गेणू येऊन बसला. त्याला आत येऊ देत नव्हते. त्यानं गजातून पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "लई आजारी हाय का वो?"

"बगू," मी म्हणालो आणि कामाला लागलो.

आधी बॅटरी. भोंगा दाबून पाहिला. तो असा काही केकाटला की तात्या खिडकीशी धावत आले, "वाजवू नगंस! रावजी ऐकंल!" म्हणजे बॅटरी शाबूत. मग पेट्रोल. किल्ली फिरवली की पंप टकटक करत होता आणि नळी सोडली तर धार येत होती. पेट्रोलही ठीक. चारी प्लग काढले, ते पेट्रोलनं भिजलेले. पुसले, वाळवले, घासले, परत लावले. झुंबरला आत घेऊन सेल्फ मारायला लावला. घरघर, घरघर, आणि शेवटी एक उसासा.

एक प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी नाही.  आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला ठिणगीच लागत नाही. तेल दाबलं की ते पेटतं. ठिणगीचं दुखणं आलं की माझं शहाणपण तिथं संपतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

झुंबर बाहेर गेला, पुन्हा कडी पडली. मी तारा तपासल्या. एकेक सोडली, खरवडली, जोडली. त्यात दुपार उलटली. मग वाटलं, ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल जळली असणार. ती पुण्याशिवाय मिळणार नाही आणि चारला दोन तास उरलेले. बाहेर हलगी वाजायला लागली होती. धुतलेले बैल परतत होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज भिंतीपलीकडून जात होता, पोरं ओरडत होती. मी चाकाला टेकून खाली बसलो. त्या चार भिंतींचा मला असा धसका बसला की श्वास पुरेना. सांगावं का, की मला येत नाही? सांगितलं असतं तर कडी निघाली असती. पण संध्याकाळपर्यंत ते इंदापूरच्या बाजारात पोचलं असतं. दार बाहेरून लावलेलं होतं हे खरं, पण आतून मीही ते लावूनच बसलो होतो.

एकच गोष्ट मी उघडली नव्हती. ती काळ्या टोपणाची डबी. कारण आठ दिवसांपूर्वी ती मी माझ्या हातानं लावली होती, आणि मी लावलेलं तपासायचं कशाला? अडीचच्या सुमाराला, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, मी चिमटे सरकवले.

टोपण हातात आलं आणि मी बघतच राहिलो. आत सगळं पिवळं. पॉइंटवर, दांडीवर, टोपणाच्या आतल्या अंगाला, बोटानं मायेनं चोळून चोळून लावलेलं. वास घेतला. लोणकढं तूप आणि हळद.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. जू ओढून ओढून निबर झालेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि बैलांना सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी खिडकीकडं गेलो. गेणू तिथंच बसला होता.

"गेणूबाबा," मी हळूच विचारलं, "काल खांदमळणी केली का वो हिची?"

"केली की!" त्याचं तोंड खुललं. "तुमी दावलं हुतं न्हवं, भार कुठं येतो त्ये? दोन चिमटं काढलं, निवांत चोळलं. आवतान बी दिलं. का वो?"

मला हसू आलं नाही. तूप त्याचं होतं, पण जागा मी दाखवली होती. आणि तात्या भैरोबाची आण घेऊन बसले होते. "कुनाजवळ बोलू नगासा," मी म्हणालो. "का?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. तुपानं ठिणगी मरते हे मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण हातात वेळ नव्हता आणि माझी जीभही उचलेना. मी चिंधी पेट्रोलात बुडवली आणि पुसायला लागलो.

अर्धं पुसून होतंय तोच कडी वाजली. तात्या आत आले. मागं दारात झुंबर, आणि त्याच्या मागं माना लांब करून उभी असलेली चार माणसं. त्यातले दोन रावजीचे. बातमी फुटलीच होती. तात्यांनी माझ्या हातातलं टोपण बघितलं.

"ह्ये पिवळं काय?"

"गिरीस हाय," मी म्हणालो. "मागच्या खेपंला मीच घातलं. जादा झालं, त्यानं ठिणगी मेली. माजी चूक."

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला आजही कळत नाही. चार माणसांदेखत 'माझी चूक' मी कधी बापालाही म्हटलं नव्हतं. तात्यांनी टोपणात बोट घातलं आणि नाकाशी नेलं. आपल्या घरचं तूप कुणाला कळत नाही? त्यांनी एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आणि मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "विलायती गिरीस दिसतंय. म्हंजे तुजाच आडाणीपणा! एवढा मोठा मिस्त्री म्हनवतोस आनि गिरीस किती घालावं कळंना तुला?"

दारातली माणसं हसली. माझे कान तापले, पण मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मी मुळात गावाबाहेरचाच, त्यामुळं आणेतून तात्याही सुटले होते, मीही सुटलो होतो. सगळं मिटलं होतं.

"कोन म्हनतं गिरीस?" खिडकीतून आवाज आला. गेणू गज धरून उभा होता. "तूप हाय त्ये. काल मालकीनबाईंकडनं वाटीभर मागून आनलं म्या."

"गेणू, गप," तात्या म्हणाले.

"गप का? चाळीस वरसं ह्या घरची खांदमळणी म्या केली. दुसऱ्या कुनाचा हात लागू दिला न्हाय. आनि मिस्त्री म्हनतोय मी घातलं! त्येनं कवा घातलं? म्या घातलं, तात्या. म्या चोळलं, ह्या हातानं."

"आरं, त्या तुपानंच ती बंद पडली!" झुंबर दारातून ओरडला.

गेणूनं झुंबरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली, तेव्हा त्याला कळलं. त्याची बोटं गजांवरून सुटली नाहीत. तो म्हणाला, "बंद पडली आसंल. पर खांदमळणी म्याच केली."

 मग रावजीचा एक माणूस म्हणाला, "तात्या, भैरोबाची आण हाय." मला त्याचा गळा धरावासा वाटला. तात्या गोठ्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात लोंबत. इतका मोठा माणूस, पण त्यांना पुढंही जाता येईना आणि मागंही येईना. शेवटी कुणाकडंही न बघता ते म्हणाले, "आज सन हाय. उद्या सकाळी जा."

"जातो," गेणू म्हणाला. "पर आज कासरा माज्या हातात."

याला तात्या नाही म्हणू शकले नाहीत. मानाचं जनावर त्याचा गडीच नेतो.

मी पॉइंट धुतले, सुकवले, टोपण लावलं. चौथ्या दणक्याला मोटार गरजली आणि गोठ्यावरची कबुतरं उडाली. मला वाटत होतं त्यातला निम्मासुद्धा आनंद झाला नाही.

चार वाजता आम्ही निघालो. मोटारीवर बैलाची झूल टाकली होती, दोन दिव्यांना हिंगूळ आणि बेगड लावली होती. क्लच हळू सोडणं तात्यांना जमत नव्हतं म्हणून चाक माझ्या हातात. शेजारी तात्या, फेट्यात. पुढच्या दांड्याला कासरा बांधलेला आणि त्याचं टोक गेणूच्या मुठीत. त्यानं धुतलेली बंडी घातली होती.

गेणू चालायला लागला. तो बैलाच्या चालीनं चालत होता. पोळ्याच्या दिवशी, पोट भरलेल्या, कुठंही पोचायची घाई नसलेल्या बैलाच्या. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय तोलून त्याच्या मागं. साहेबानं ज्या मोटारीत शर्यती मारल्या ती आता मुंगीच्या पावलानं सरकत होती. दोन्ही बाजूंना गाव उभं. हसायला आलेले लोक सुरुवातीला हसले. मग हळूहळू हसायचे थांबले, कारण सकाळची आण आणि दुपारचा निवाडा एव्हाना घरोघर पोचला होता. रावजीसुद्धा आपल्या सजवलेल्या जोडीजवळ खाली बघत उभा होता.

इंजिन तापायला लागलं. वाफेचा वास आला. तात्या दातांवर दात ठेवून पुटपुटले, "मिस्त्री, जरा म्होरं घे की."

"कसं घिऊ, तात्या? म्होरं मानूस हाय."

"भोंगा वाजव."

मी वाजवला नाही. तात्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. नुसत्या हलग्या वाजत होत्या. वेशीपाशी गेणू थांबला, कमानीला हात लावून कपाळाशी नेला, आणि आम्हाला थांबावं लागलं. तिथून मारुतीपर्यंत पन्नास पावलं असतील. ती चालायला त्यानं किती वेळ घेतला ते माझ्या क्लचवरच्या पायालाच माहीत. तो एकदाही मागं वळला नाही. पण मी शेजारी पाहिलं तेव्हा तात्यांच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. गावासमोर डोळ्यांना हात लावायची त्यांना सोय नव्हती.

सकाळी मी आणि गेणू एकाच एसटीनं बारामतीला आलो. त्याच्याजवळ एक घोंगडं आणि एक गाठोडं.  स्टँडवर उतरल्यावर मी त्याला बळंच दुकानात नेलं आणि म्हणालो, "बाबा, हितं ऱ्हावा. मागं ओटा हाय. दोन टाइम भाकरी माज्या घरची. इंजिनं पुसायची, बास. चूक माजी हाय, एवढं माजं ऐका."

त्यानं घोंगडं खाली ठेवलं. दुकानात अकरा इंजिनं ओळीनं उभी होती. तो एकेकापाशी गेला, प्रत्येकाच्या पाठीवर त्यानं तळवा ठेवला, थापटलं, आणि जरा वेळ वाट पाहिली. अकराव्यापर्यंत गेला आणि परत आला.

"मिस्त्री," त्यानं विचारलं, "हात लावल्यावर ह्यातलं कुनी मान वळीवतंय का?"

  मी नुसतं नाही म्हणून मान हलवली.

"मोरगावला भन हाय माजी," तो घोंगडं उचलत म्हणाला. "चार शेरडं हायती तिची. हाक मारली की वळून तर बगत्यात."

मी त्याला मोरगावच्या गाडीत बसवून दिलं आणि दुकान न उघडता घरी गेलो.